चौदा मिनिटांचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. दगड म्हटल्यावर लगेच तोंड वाकडं करू नका. माझ्या पाठीवर आकडे कोरलेत, आकड्यांच्या मधोमध लोखंडी पातं होतं, आणि त्या पात्याच्या सावलीवर पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यातल्या रूईक्लूफ गावातल्या सासष्ट बागांचं पाणी वाटलं जायचं. म्हणजे मी सावलीचं घड्याळ. शिकलेली माणसं सूर्यघड्याळ म्हणतात. गावातले लोक नुसतं ‘दगड’ म्हणायचे. “दगडात किती झाले?” असं विचारायचे, आणि मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही.

मला घडवलं इझाक गवंड्यानं. तेव्हाचे पाद्रीबाबा जर्मनीहून आलेले, त्यांनी पुस्तकातलं चित्र पुढं केलं आणि म्हणाले, “हे असंच कोर.” इझाकनं चित्र बघितलं, आभाळ बघितलं आणि हसायलाच लागला.

“पाद्रीबाबा, तुमच्या देशात सूर्य दक्षिणेकडनं जातो, आमच्याकडं उत्तरेकडनं. तुमची सावली फिरते एकीकडं, आमची दुसरीकडं. हे असंच कोरलं तर सकाळच्या नऊला दुपारचे तीन वाजतील, आणि गाव न्याहारीच्या आधी चहा पिऊन घरी जाईल.”

मग आकडे उलटे मांडले. पातं किती तिरकं ठेवायचं, तेही पाद्रीबाबांनी सांगितलं: गाव पृथ्वीच्या मधल्या रेषेपासून जितके अंश खाली, तितके अंश. बत्तीस. पात्याची धार अशी तिरकी असली म्हणजे पृथ्वी ज्या आसाभोवती फिरते, त्याच्याशी ती जुळते, आणि मग उन्हाळा असो की हिवाळा, दुपारच्या बाराला सावली बाराच्याच रेघेवर पडते. इझाकला अंश-बिंश कळत नव्हते. “हातानं दाखवा किती,” म्हणाला, आणि दाखवलं तेवढं अचूक बसवलं.

मला बसवलं पाटाच्या तोंडाशी, देवळाच्या वरच्या अंगाला. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी तिथं पाटात उतरतं आणि तिथून बागांना जातं. रताळी, कांदा, घेवडा, तंबाखू. ज्याची पाळी असेल त्याच्या बागेकडं पाटकरी फळी उचलायचा, दुसऱ्याची पाडायचा. कधी उचलायची न् कधी पाडायची, ते मी सांगायचो. चाळीस-पन्नास वर्षं असं चाललं. लोक माझ्यावरची पाखरांची घाण आपल्या बाहीनं पुसायचे. पोरांना माझ्यावर बसू द्यायचे नाहीत. “उठ रे, पाण्यावर बसतोस का?” म्हणून खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या ओरडायच्या. ते माझे चांगले दिवस होते.

अडचण एकच. पश्चिमेला मोठा सुळका आहे. साडेचारच्या सुमाराला सूर्य त्याच्यामागं गेला की मी आंधळा. पुढच्या पाळ्या अंदाजानं चालायच्या, आणि अंदाज म्हटला की डोकी फुटायचीच. म्हणून नव्या पाद्रीबाबांनी देवळात लंबकाचं घड्याळ आणलं; ते बघून देवळाची घंटा वाजवायची. एप्रिलच्या मध्यावर, माझ्यात बारा वाजले तेव्हा त्यांनी त्याचेही बारा वाजवले. पंचांनी ठरवलं: दिवसाच्या पाळ्या दगडावर, रात्रीच्या घंटेवर. सगळे खूश. मीही खूश. एवढी वर्षं एकट्यानं काढल्यावर जोडीदार मिळाला होता.

आता नीट ऐका, कारण सगळं इथंच बिघडलं.

दिवसाची शेवटची पाळी गुरुवारी फ्रीकाची. फ्रीका झिमरी, त्या इझाक गवंड्याची नात, साठीला आलेली विधवा. तिची बाग पाटाच्या अगदी शेपटाला. तिची पाळी माझ्या चारला सुरू व्हायची आणि घंटेच्या साडेपाचला संपायची. म्हणजे सुरुवात एकाच्या मापानं, शेवट दुसऱ्याच्या. आणि त्याच दिवशी सकाळची पाळी सालमन योर्स्टची. रात्रीच्या पाळ्या संपल्या की ती घंटेच्या सातला सुरू व्हायची आणि माझ्या साडेआठला संपायची. बरोबर उलटं. मधल्या सगळ्यांच्या पाळ्या एकाच मापात होत्या, त्यांना काही फरक पडला नाही. फरक पडला तो या दोघांना.

फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडं कडक उन्हाळा. झरा बोटाएवढा होतो. कोरडा पाट भिजवत पाणी फ्रीकाच्या वाफ्यापर्यंत पोचायलाच पाऊण तास जातो. घड्याळ येऊन काही वर्षं झाली, आणि एका फारच कोरड्या फेब्रुवारीत तिच्या घेवड्याच्या वेली माना टाकायला लागल्या. ती तरातरा वर आली. पाटकरी येफ्ता कूपमन माझ्या शेजारी पाईप ओढत बसला होता.

“ऊम येफ्ता, फळी उशिरा उचलता तुम्ही.”

आमच्याकडं वडीलधाऱ्या माणसाला ऊम म्हणतात आणि बाईला तांता.

“मी?” येफ्तानं पाईप काढला. “तांता फ्रीका, सावली चारच्या रेघेला टेकली की माझा हात फळीला. तुझ्या आजानंच केलाय दगड. माझ्यावर नाही तर त्याच्यावर तरी विश्वास ठेव.”

“मग घंटा लवकर होते.”

“मग पाद्रीबाबांना सांग जा, की देवळाचं घड्याळ चोर आहे. आणि सांगून झालं की मला कळव, मी तुझ्यासाठी दोन रविवार जास्तीची प्रार्थना करीन.”

मित्रांनो, येफ्ता खोटं बोलत नव्हता. मीही नाही. घंटाही नाही. पण त्या दिवशी माझ्यात चार वाजले तेव्हा देवळात चार वाजून चौदा मिनिटं झाली होती. फ्रीकाची पाळी चौदा मिनिटं उशिरा उघडली आणि वेळेवर मिटली. सालमनची वेळेवर उघडली आणि चौदा मिनिटं उशिरा मिटली. तिचं गेलेलं पाणी त्याच्याकडं चाललं होतं, आणि ते कुणीच चोरत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात पंच बागा बघायला फिरायचे. आमचा जुना नियम: बाग हिरवी, तर पाळी. सलग दोन उन्हाळे बाग वाळलेली दिसली की पाळी जायची आणि पाळीबरोबर जमीनही. पंचांनी फ्रीकाच्या वेली बघितल्या आणि वहीत एक फुली मारली. दुसरी फुली पडली की संपलं. बागेशिवाय त्या गावात कुणाला राहता येत नाही. खायचं काय?

त्यानंतरच्या रविवारी देवळातून लोक बाहेर पडत होते. दुपारच्या बाराची घंटा झाली. फ्रीका माझ्यापाशी आली, स्कर्टच्या खिशातून खिळा काढला आणि पात्याच्या टोकाची सावली जिथं पडली होती तिथं एक ठिपका कोरला. पुढच्या रविवारी पुन्हा. तिला लिहिता-वाचता फारसं येत नव्हतं. पण गवंड्याच्या घरातली ती. ओळंबा धरल्याशिवाय भिंतीला सरळ म्हणायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

सालमनला मोठीच गंमत वाटली.

“तांता फ्रीका, दगडाला देवी आल्या का गं?”

“तुझी तंबाखू बरी दिसते यंदा, सालमन.”

“मेहनत आहे.”

“हो ना. आणि पाणी.”

तो हसून पुढं गेला. खरंच सांगतो, त्यालाही माहीत नव्हतं.

महिने गेले. हिवाळ्यात सूर्य खाली आला, सावली लांबली, ठिपके पात्यापासून दूर दूर पडायला लागले. पण ते सरळ रेघेत पडेनात. बाराची घंटा रोज बारालाच, तरी सावलीचं टोक कधी बाराच्या रेघेच्या या अंगाला, कधी त्या अंगाला. ऑक्टोबर आला, नोव्हेंबर आला, आणि ठिपके पूर्वेकडं पार पळत सुटले. म्हणजे मी आता घंटेच्या पुढं होतो. सोळा मिनिटं.

त्या दिवसांत झरा भरून वाहतो, बागेला पाणी नको असतं, त्यामुळं कुणाच्या लक्षात आलं नाही. फ्रीकाच्या आलं. गावच्या बैठकीत ती उभी राहिली. बैठक माझ्यापाशीच, झाडाखाली भरायची.

“पंचांनो, दगड आणि घंटा एकमेकांशी जुळत नाहीत. उन्हाळ्यात मला पाव तास कमी मिळतो. आत्ता पाव तास जास्त मिळतोय. माझं मागणं एवढंच आहे, की माझ्या पाळीची सुरुवात आणि शेवट एकाच मापानं करा. दगडानं करा नाहीतर घंटेनं करा, पण दोन्ही टोकं एकाच्याच हातात द्या.”

मग पंचांमधला थोरला म्हणाला, “थांब. आत्ता जास्त मिळतंय म्हणालीस?”

“हो.”

“आणि घेतेस?”

“येतं ते घेते. मी काय पाटाला मागं ढकलू?”

“म्हणजे जास्तीचं पाणी घेतेस हे तू आपल्या तोंडानं कबूल केलंस.” त्यानं वही उघडली. “लिहून ठेवतो.”

“अहो, खरं बोलले म्हणून—”

“खरंच लिहितोय की.”

येफ्ता पाटकरी मान खाली घालून पाईप कुरवाळत बसला. एवढा फरक असतो हे त्याला पटतच नव्हतं. गावाला एकच फरक ठाऊक होता. टपालगाडीवाल्याच्या खिशातलं घड्याळ आमच्या घंटेच्या पुढं त्रेचाळीस मिनिटं असायचं. सरकारनं सगळ्या देशाला एकच वेळ दिली होती, ती दूर पूर्वेकडची. सूर्य तिकडं आधी जातो, आमच्याकडं मागून येतो, म्हणून त्रेचाळीस. पण तो फरक बारा महिने तेवढाच राहायचा. त्यामुळं गावाची खात्री झाली होती, की खरा फरक हलत नाही आणि जो हलतो तो बाईच्या डोक्यात असतो.

मग नाताळ आला. पाद्रीबाबांची एक रीत होती. दरवर्षी नाताळाच्या दुपारी, प्रार्थना झाली की ते सगळ्या गावाला घेऊन माझ्यापाशी यायचे आणि घड्याळ तपासायचे. एक माणूस घंटेच्या दोराला, बाकी सगळे माझ्याभोवती. सावली बाराच्या रेघेला टेकायची, आणि त्याच क्षणी घंटा व्हायची. लोक टाळ्या पिटायचे. त्या वर्षीही अगदी तस्संच झालं. एका मिनिटाचाही फरक नाही.

“बघितलंस, फ्रीका?” पाद्रीबाबा प्रेमानंच म्हणाले. वाईट माणूस नव्हता तो. “आपण दरवर्षी बघतो. दोघं भावासारखे जुळतात.”

“आज जुळतात, पाद्रीबाबा. फेब्रुवारीत या बघायला.”

“तांता, आजच्या दिवशी तरी खोटं बोलू नकोस,” मागून कोणीतरी ओरडलं, आणि बायकासुद्धा हसल्या.

मला त्या वेळी ओरडून सांगावंसं वाटलं. पण दगड काय ओरडणार? मला सूर्य दाखवील तेवढंच दाखवता येतं.

फेब्रुवारी आला. माझी सावली पुन्हा मागं पडली. झरा आटला. फ्रीकानं धुण्याचं पाणी वेलींना घातलं, भांडी विसळलेलं घातलं, बादल्या डोक्यावर घेऊन नदीच्या डबक्यापासून दोन-दोन खेपा केल्या. गुरुवारी चारच्या आधीपासून ती आपल्या बांधावर उभी राहायची, आणि पाणी आलं आलं म्हणेतोवर घंटा व्हायची. एकदा तिनं येफ्ताला खाली बोलावलं.

“ऊम येफ्ता, एक दिवस फळी दुसऱ्याच्या हाती द्या आणि इथं येऊन उभे राहा. माझ्याजवळ. बघा किती वेळ पाणी येतं.”

“मी खाली आलो तर वर फळी कोण बघणार, तांता? उद्या लोक म्हणतील, पाटकरी शेपटाला जाऊन बसतो.”

तो आला नाही. पंच आले, पण सकाळी. तेव्हा पाट सालमनकडं वाहत होता. त्यांनी वाळलेला घेवडा बघितला. रताळ्याचा वेल हातात घेतला, चुरा झाला. दुसरी फुली पडली.

“तुला जास्त मिळत होतं ना?” थोरला पंच म्हणाला. “जास्त मिळून ही बाग?”

तिची पाळी गेली. सालमनच्या थोरल्या मुलाचं नुकतंच लग्न झालं होतं, त्याला जमीन हवी होती. त्याला दिली. रीतसर, सगळ्यांच्या सह्यांनी.

त्यानंतरच्या रविवारी फ्रीका पुन्हा खिळा घेऊन आली. मला वाटलं नव्हतं येईल असं. तिनं शेवटचा ठिपका कोरला आणि तो वर्षापूर्वीच्या पहिल्या ठिपक्याला जाऊन भिडला. माझ्या पाठीवर एक आकृती पुरी झाली: दोन फुगे, एक लहान, एक मोठा, मध्ये पीळ दिलेला. इंग्रजी आठचा आकडा असतो ना, तसा.

पाद्रीबाबा तिथून चालले होते. थांबले. वाकले. ठिपक्यांवरून बोट फिरवलं. मग घरात गेले आणि जर्मन पंचांग घेऊन आले. मागच्या पानावर बारीक अक्षरात एक तक्ता होता. दरवर्षी ते पंचांग टपालानं यायचं आणि दरवर्षी ते पान असायचं. कालसमीकरण म्हणतात त्याला. नाव केवढं, आणि काम एवढंसं: सूर्य आणि घड्याळ यांच्यात कुठल्या तारखेला किती मिनिटांचा फरक, ते सांगायचं.

“फेब्रुवारी, अकरा तारीख. सूर्य चौदा मिनिटं मागं,” ते वाचायला लागले. “नोव्हेंबर, तीन तारीख. सूर्य सोळा मिनिटं पुढं.”

“मग मी काय म्हणत होते?”

“पृथ्वी सूर्याभोवती फिरते ना, ते रिंगण अगदी गोल नाही. जानेवारीत ती सूर्याजवळून जाते, तेव्हा भरभर चालते. जुलैत लांबून, तेव्हा सावकाश. शिवाय सरळ उभी राहून फिरत नाही, कलून फिरते. म्हणून एका मध्यान्हापासून दुसऱ्या मध्यान्हापर्यंत कधी चोवीस तासांहून अर्धं मिनिट जास्त लागतं, कधी वीस-बावीस सेकंद कमी.”

“डोकं कललेलं, पाऊल कधी झपाझप, कधी रेंगाळत,” फ्रीका म्हणाली. “लग्नाहून घरी येणाऱ्या माणसासारखी. आणि अर्ध्या मिनिटानं माझी बाग वाळली?”

“रोजचं अर्धं मिनिट साठत जातं, फ्रीका. महिन्याला पाव तास होतो. घड्याळाला हे काही कळत नाही. ते वर्षाची सरासरी काढून एका चालीनं चालतं.” त्यांचं बोट तक्त्यावरून खाली सरकत होतं. “वर्षात चारच दिवस दोघं जुळतात. एप्रिलची पंधरा. जूनची तेरा. सप्टेंबरची पहिली. आणि...”

बोट शेवटच्या ओळीवर आलं.

“आणि?”

“डिसेंबरची पंचवीस.”

फ्रीका माझ्या काठावर बसली. आयुष्यात पहिल्यांदा. मला ते ओझं अजून आठवतं, कारण ते काहीच नव्हतं.

“तुझं बरोबर होतं,” पाद्रीबाबा म्हणाले.

“मग पाळी?”

“ती... आता वाटून झाली. सह्या झाल्यात. त्या पोराचं लग्न झालंय, त्यानं कांदा लावलाय. मी पंचांना सांगीन. पण—”

“सांगा,” ती म्हणाली. “सांगायला काय जातंय.”

त्यांनी सांगितलं, हे खरं. पंचांनी ऐकूनही घेतलं. थोरल्यानं पंचांग उलटसुलट करून बघितलं, आणि ठराव केला: यापुढं सगळ्या पाळ्या, दिवसाच्या आणि रात्रीच्याही, घंटेवरच. म्हणजे वाद नको. फ्रीकानं नोव्हेंबरात जे मागितलं होतं, अगदी तेच दिलं. फक्त तिला सोडून सगळ्यांना.

मार्च सरता सरता ती टपालगाडीत बसून गेली. खाली सपाटीवर एका गोऱ्या मालकाची फळबाग होती, तिथं तिची मुलगी पीच उकडून डबे भरायच्या कामाला होती. तिच्या खोलीत राहायला गेली. येफ्तानं तिची पेटी गाडीवर चढवली. “तांता, राग नको धरू,” म्हणाला. ती म्हणाली, “ऊम येफ्ता, राग धरायला वेळ कुठाय? गाडी त्रेचाळीस मिनिटं पुढं आहे.” गाडीवाला हसला. येफ्ता नाही हसला. पुढच्या दोन हिवाळ्यांत तिकडून एकदा निरोप आला, मग तोही आला नाही.

माझं पातं कुणीतरी नांगराच्या कामाला काढून नेलं. मला उचललं आणि पाटाच्या तोंडाशीच, पाण्याखाली, फरशी म्हणून टाकलं, आकडे वर करून. आता गावातली प्रत्येक पाळी माझ्या पाठीवरून जाते. किती जाते, किती वेळ जाते, मला काही कळत नाही. खिळ्याचे ठिपके शेवाळानं भरले. पोरं पाय धुताना म्हणतात, “इथं घसरतं.”

मित्रांनो, माझी रडकथा सांगून तुमचा वेळ घेतला. कुठं माझ्यासारखा दगड दिसला तर त्याला लबाड म्हणू नका. आधी तारीख बघा, गावाचा फरक बघा, तक्त्यातली मिनिटं मिळवा नाहीतर वजा करा, आणि मग बोला. त्याच्यावर पाय धुऊ नका. पण हे नाही जमलं तरी चालेल, दगडाचं काय. दुसरं एक मात्र करा. पाटाच्या शेपटाचं माणूस म्हणालं की पाणी कमी येतं, तर देवळापुढं उभं राहून हिशेब करू नका. फेब्रुवारीत, दुपारी चारला, त्याच्या वाफ्यात जाऊन उभे राहा, पाणी येईपर्यंत आणि घंटा होईपर्यंत.

सासष्ट बागांच्या गावात त्या दोन उन्हाळ्यांत एवढंही कुणी केलं नाही.